भिंतीच्या तीन जोड्या

१

क्लेम पेनहॉलच्या घरी दर सहा आठवड्यांनी सण यायचा, आणि तो पोस्टातून यायचा. बुटांच्या खोक्याएवढी लाकडी पेटी, तिला चामड्याचा पट्टा, आत चौघांच्या स्टिरिओ स्लाइडी आणि एक जाड वही. एकच देखावा डाव्या डोळ्यासाठी वेगळा आणि उजव्यासाठी वेगळा टिपायचा, दोन्ही तुकडे एका चौकटीत शेजारी शेजारी बसवायचे आणि व्ह्यूअरला डोळे लावायचे. मग झाड झाडाच्या जागी उभं राहतं आणि डोंगर मागे सरकतो. या नादाला लागलेली माणसं तशी बिनउपद्रवी असतात. फक्त त्यांना दुसऱ्या कशात गोडी उरत नाही.

पेटी मूंट्याहून क्लेमकडून निघायची ती ब्रोकन हिलला लिंडसे हॉकिंगकडे. तिथून कूबर पेडीला स्टाव्रोसकडे आणि शेवटी समुद्र ओलांडून टास्मानियात डेव्हनपोर्टला उना क्वेलकडे. उनाकडून ती परत क्लेमकडे यायची. प्रत्येकानं आपली जुनी जोडी काढून नवी ठेवायची आणि बाकीच्यांच्या जोड्यांबद्दल वहीत मत लिहायचं, असा रिवाज होता. चौघं एकमेकांना आयुष्यात दोनदा भेटली असतील. पण उनाच्या सफरचंदाच्या झाडाला कुठल्या साली कीड लागली हे क्लेमला पाठ होतं, आणि त्याच्या शेजाऱ्याचं आडनाव मात्र त्याला आठवत नसे.

क्लेम एकोणसत्तर वर्षांचा होता. चौतीस वर्षं वॉलरूच्या धक्क्यावर त्यानं गव्हाचे ट्रक वजनकाट्यावर चढवले आणि उतरवले. बायको ग्लेनिस वीस वर्षांपूर्वी एका दंतवैद्याबरोबर केर्न्सला निघून गेली. दर नाताळात तिचं कार्ड येई आणि त्यावर दंतवैद्याचीही सही असे. क्लेमला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. निदान कुणाचं तरी कार्ड येत होतं.

त्याला खरी धास्ती होती ती डाव्या डोळ्याची. दोन वर्षं त्या डोळ्यासमोर ताक ओतल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. एका डोळ्याला जग सपाट दिसतं, आणि पेटीचा एक नियम उनानं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता: ज्याला खोलपणा दिसत नाही त्यानं पेटी पुढे पाठवावी आणि रजा घ्यावी. क्लेमनं रजा घेतली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो एका डोळ्यानं जोड्या बघे आणि अंदाजानं लिही: ‘पुढची फांदी छान बाहेर आली आहे.’ फांदी पुढे असतेच, त्यामुळे त्याची चूक कधी पकडली गेली नाही.

मोतीबिंदू आहे, पंधरा मिनिटांचं काम आहे, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. पण रुग्णालयाच्या फॉर्मवर एक रकाना होता: त्या रात्री तुमच्यासोबत घरी कोण असेल? त्या रकान्यावरून फॉर्म दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या खणात पडून होता.

२

डिसेंबरच्या सुरुवातीला क्लेमच्या कॅमेऱ्यानं मान टाकली. आता नवं काहीतरी घ्यायला हवं होतं. त्यानं वहीत तसं लिहिलं आणि तिघांनी तीन दिशांना ओढलं.

लिंडसेचं म्हणणं, सरकती पट्टी घे. एकच कॅमेरा पट्टीवर बसवायचा, एक फोटो काढायचा, कॅमेरा अडीच इंच बाजूला सरकवायचा आणि दुसरा काढायचा. स्वस्त आणि मस्त. स्टाव्रोसला ते हास्यास्पद वाटे. दोन फोटोंच्या मधल्या वेळात पान हललं तरी जोडी बिघडते, म्हणून दोन सारखे कॅमेरे एका पत्र्यावर आवळायचे आणि एकाच कळीनं दोन्ही उडवायचे, हे त्याचं मत. उनानं तीनच शब्द लिहिले होते: ‘जुना दुडोळी कॅमेरा.’ म्हणजे एकाच पेटीत दोन भिंगं असलेला, पन्नास सालच्या आसपासचा. तिच्या मते त्यानंतर माणसानं नवं काही शोधायची गरज नव्हती.

शेवटी लिंडसेनं आपली पट्टी कॅमेऱ्यासकट धाडली, स्टाव्रोसनं आपले जोडकॅमेरे धाडले आणि अ‍ॅडलेडच्या एका दुकानदारानं जुना दुडोळी महिनाभर वापरून बघायला दिला. सामान घेताना त्याची पहिली चाचणी भिंतीवर करायची असते. सपाट भिंतीसमोर कॅमेरा ठेवून जोडी काढायची. जोडीत भिंत सपाट दिसली तर सामान सरळ आणि कुठे फुगली, कलली तर खोट. क्लेमच्या घरात त्याला साजेशी एकच भिंत होती. पॅसेजच्या टोकाची. तिच्यावर ग्लेनिसनं निवडलेला कागद होता, बारीक निळ्या फुलांच्या रांगांचा. भिंत दीड फूट जाडीच्या दगडाची, आणि पलीकडे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी.

फेब्रुवारीच्या तीन रविवारी, सकाळी दहाला, पॅसेजच्या छतातल्या काचेतून ऊन उतरलं की तो चाचणी घेई. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांच्या जागा त्यानं जमिनीवर खडूनं आखल्या होत्या. भिंतीपासून सात फूट, टेपनं मोजून. पहिल्या रविवारी पट्टी, दुसऱ्या रविवारी जोडकॅमेरे, तिसऱ्या रविवारी दुडोळी.

दुडोळीत अंतर मोजायची सोय होती. छिद्रातून बघत चकती फिरवायची. आतल्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की चकतीवर आकडा वाचायचा. ते काम एका डोळ्याचं असल्यानं क्लेमला जमत होतं. त्यानं चकती फिरवली. फुलं फुलांवर बसली. आकडा होता तीन.

त्यानं टेप लावला. सात फूट. पुन्हा छिद्रातून बघितलं, चकती सातवर नेली. फुलं दुहेरी झाली. तीनवर आणली की ती एक होत. कागदाचा कुठेतरी करकर आवाज झाला, वाळलेला डिंक सुटतो तसा. उन्हाळ्यात तो होतोच.

‘अंतरमापक बिघडलेला, दुकानदाराला सांगणे,’ अशी नोंद त्यानं केली आणि मापकावर विश्वास ठेवावा की टेपवर, याचा विचार करून तीनवरच फोटो काढला. फिल्म अ‍ॅडलेडहून धुऊन आली तेव्हा फुलं अगदी लख्ख होती. त्यानं सगळ्या डाव्या तुकड्यांच्या कोपऱ्यावर लाल ठिपके दिले, एका दुपारी तिन्ही जोड्या चौकटीत बसवल्या, उजव्या डोळ्यानं पाहिल्या आणि पेटी बंद केली. भिंत ती भिंत, तिच्यात बघण्यासारखं काय असणार.

३

नऊ दिवसांनी लिंडसेचा फोन आला. टेलिफोन पॅसेजमध्येच होता, बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात. लिंडसे खाणीत काम केलेला माणूस. तो फोनवरही पलीकडच्या बोगद्यात हाक मारावी तसा बोलत असे. आधी त्यानं उन्हाला शिव्या दिल्या, मग गुडघ्याला, आणि मग मुद्द्यावर आला.

“भिंतीत तो कोण रे कोरलायस?”

“कोण म्हणजे?”

“आता साळसूदपणा नको, गड्या. माणसाच्या आकाराचा खड्डा. पहिल्या जोडीत हातभर आत गेलाय, अगदी खांदे, डोकं, सगळं. आणि त्याच्यावरूनही फुलं तशीच चाललीत. एक डोळा मिटला की काहीच नाही, सपाट भिंत. दोन्ही उघडले की आत उभा. केलंस कसं ते सांग, मी कुणाला सांगणार नाही.”

क्लेमनं काय करावं? मला दिसत नाही, असं सांगितलं तर दोन वर्षांची झाकलेली मूठ उघडली जाणार. तो हसला आणि म्हणाला, धंद्याचं गुपित आहे. लिंडसे खूश झाला. पट्टीच घे, असं चारदा बजावून त्यानं फोन ठेवला.

क्लेम भिंतीपाशी गेला आणि कागदावरून तळहात फिरवला. कागद थंड होता, दगड कठीण होता. त्यानं गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत बोटांनी टकटक केली आणि सगळीकडून एकच बद्द आवाज आला. मग स्वयंपाकघरात येऊन त्यानं चहा केला आणि अक्कल चालवली. पट्टीवर दोन फोटोंमध्ये दहा सेकंद जातात. तेवढ्यात उन्हाची तिरीप सरकली असेल. शिवाय एकसारख्या फुलांचा कागद डोळ्यांना नेहमीच फसवतो, डावा डोळा एक फूल धरतो आणि उजवा त्याच्या शेजारचं, आणि भिंत आत गेल्यासारखी वाटते. हे या नादातल्या कुणालाही ठाऊक असतं. लिंडसेलाही ठाऊक असायला हवं होतं.

पण मग सगळी भिंत आत जायला हवी. खांद्यांपुरती कशी जाईल? हा प्रश्न त्यानं चहाबरोबर गिळला.

४

स्टाव्रोसला फोनवर विश्वास नव्हता. तो जमिनीखाली कोरलेल्या घरात राहायचा, चष्मा लावून ओपलचे खडे घासायचा आणि पत्रं लिहायचा. त्याचं पत्र चार पानी आलं, त्यात दोन पानं आकृत्या.

त्यानं मोजलं होतं. पहिल्या जोडीतला आकार भिंतीमागे हातभर. दुसऱ्या जोडीत, म्हणजे त्याच्याच जोडकॅमेऱ्यांच्या, तो पार दूर, टाकीच्या, कुंपणाच्या पलीकडे, शेताच्या टोकाला उभं राहावं इतका. तिसरी जोडी त्याला जुळवताच आली नाही. तिच्यात डोळे आपापल्या कानांकडे पांगवावे लागत होते, आणि तसे माणसाचे डोळे पांगत नाहीत. दिवसभर त्याचं कपाळ ठणकलं होतं. ‘थोडक्यात,’ त्यानं लिहिलं होतं, ‘तुझा पाहुणा चाललाय. दर जोडीला आणखी लांब.’

खाली दुसऱ्या शाईनं एक ओळ होती. बहुतेक पाकीट चिकटवण्यापूर्वी सुचलेली. ‘एक समजत नाही. लांब जाणारा माणूस लहान व्हायला हवा. हा मोठा होतोय. तिसऱ्या जोडीत तर कडेला जेमतेम बोटभर भिंत उरली आहे.’

क्लेमनं पत्र दोनदा वाचलं. आता दहा सेकंदांचं कारण चालणार नव्हतं. जोडकॅमेरे एकाच क्षणी उडतात, दुडोळीही एकाच क्षणी उडतो. उरला फसवा कागद. पण दोघांच्या डोळ्यांना एकसारखा फसवणारा कागद त्यानं ऐकला नव्हता. शेवटच्या ओळीवर त्यानं फार विचार केला नाही. ‘चाललाय’ हा शब्द मात्र त्याच्या मनात घर करून बसला. जे काही असेल ते जातंय. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्याची त्यालाच शरम वाटली, कारण हायसं वाटण्याच्या खाली थोडं वाईटही वाटत होतं. या घरातून जाणाऱ्यांची त्याला सवय होती, पण आपल्याकडे कुणी येऊन गेलं आणि आपल्याला ते दिसलंही नाही, हे त्याला लागलं.

त्या संध्याकाळी त्यानं खणातून फॉर्म काढला. रात्री सोबत कोण, या रकान्यात त्यानं लिहिलं: भाऊ. क्लेमला भाऊ नव्हता.

५

वॉलरूच्या रुग्णालयात पंधरा मिनिटांचं काम खरोखर पंधरा मिनिटांतच झालं. नर्सनं विचारलं, भाऊ गाडीत आहेत का. क्लेम म्हणाला, हो, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मग दाराबाहेर जाऊन तो टॅक्सीत बसला.

डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून तो घरी आला, बेकरीतली मटण-बटाटा भरलेली थंड पास्टी खाल्ली आणि अंथरुणात पडून राहिला. पॅसेजमधून मधूनमधून करकर येत होती. घरात कुणीतरी आहे असं त्यानं फॉर्मवर लिहून दिलं होतं, ते त्याला आठवलं. दुपारच्या उन्हात पडल्या पडल्या त्याला स्वतःचं हसू आलं आणि मग ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं वाटी काढली. आंधळा मागतो एक डोळा तसं झालं. निळा रंग इतका निळा असतो हे तो विसरूनच गेला होता. मात्र खोलपणा हळूहळू येईल, असं डॉक्टरनं बजावलं. दोन वर्षं मेंदूनं एकाच डोळ्याचं ऐकलंय, आता दुसऱ्याचं ऐकायची सवय लागायला महिनाभर जाईल.

घरी आल्यावर तो आधी पॅसेजमध्ये गेला. दोन्ही डोळ्यांनी त्यानं टोकाच्या भिंतीकडे नीट बघितलं. भिंत सपाट होती. फुलं रांगेत होती. ना कुठे खड्डा, ना कुठे फुगवटा. म्हणजे गेला, तो मनात म्हणाला.

पुढचे तीन आठवडे लहान मुलासारखे गेले. रोज काहीतरी नवं पुढे यायचं. एके सकाळी चहाच्या कपाचा कान बाहेर आला. दुसऱ्या दिवशी नळ भिंतीपासून सुटला. तो जुना चाळा करत बसे: अंगठा पुढे धरायचा, आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. अंगठा जवळ असतो म्हणून इकडून तिकडे चांगली उडी मारतो. पलीकडचं कपाट कमी हलतं, खिडकीबाहेरचं झाड जवळजवळ हलतच नाही. जितकं जवळ तितकी मोठी उडी, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा छंद उभा आहे. टेबलाशी बसून तो अर्धा अर्धा तास अंगठ्याला उड्या मारायला लावी. आता पेटीच्या मंडळीतून त्याला कुणी काढणार नव्हतं.

६

पेटी एप्रिलच्या सुरुवातीला आली. क्लेमनं वही उघडली. लिंडसेचं अर्धं पान, स्टाव्रोसचं दीड पान. उनाचं अक्षर सरळ उभं, तिच्या स्वभावासारखं.

‘क्लेम. तिन्ही चौकटींत डावं-उजवं उलटं बसलं आहे. लाल ठिपके बघ. सपाट भिंत उलटी बसवली तरी सपाटच दिसते, म्हणून लिंडसे आणि स्टाव्रोसच्या लक्षात आलं नाही. सुलटं करणं मालकाचं काम आहे. मी सुलटं करून पाहिलेलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं.’

क्लेमनं पहिली चौकट उजेडात धरली. लाल ठिपका उजव्या खिडकीत होता. दुसरीतही, तिसरीतही. त्याला ती दुपार आठवली. चौकट पालथी ठेवून तुकडे बसवायचे असतात, आणि पालथ्या चौकटीत डावी खिडकी उजव्या हाताला येते. नवशिक्यासुद्धा व्ह्यूअरला एकदा डोळे लावून ती चूक पकडतो. पण ती पकडायला दोन डोळे लागतात.

मग त्याला दुसरी गोष्ट कळली. डावं-उजवं उलटं झालं की खोलपणाही उलटतो. खड्डा दिसतो तिथे उंचवटा असतो. भिंतीमागे दिसतं ते भिंतीपुढे असतं. आणि जे दर जोडीला लांब जाताना दिसतं, ते दर जोडीला जवळ येत असतं.

स्टाव्रोसची दुसऱ्या शाईतली ओळ आता त्याला पुरती समजली.

तरीही त्यानं चिमटा उचलला आणि तुकड्यांची अदलाबदल केली. का केली, हे त्याला विचारून उपयोग नाही. दोन वर्षं ज्याला काही दिसलं नाही त्याला बघायचंच असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भर सकाळी, त्यानं पहिली जोडी व्ह्यूअरमध्ये घातली.

आधी नुसती भिंत. मग डोळे जुळले आणि भिंतीपुढे हातभर कुणीतरी उभं होतं. त्याला रंग नव्हता, सावली नव्हती, चेहरा नव्हता. सगळ्या अंगावरून भिंतीचीच फुलं चालली होती, रांग न मोडता. फक्त ती जागा पुढे आली होती. खांदे उतरते. हात अंगालगत. मान किंचित एका बाजूला, आपण लांबचं ओळखू यावं म्हणून करतो तशी.

दुसऱ्या जोडीत पॅसेजचं अर्धं अंतर तुटलं होतं आणि मान सरळ झाली होती.

तिसरी त्यानं घातली. दुडोळीची. डोळे आत वळायला लागले, नाकाकडे, आणखी आत. फुलं दुहेरी होती, ती एकमेकांकडे सरकू लागली. जुळायला केसाएवढं अंतर उरलं असताना त्यानं व्ह्यूअर टेबलावर आपटला. फिल्मवर कॅमेऱ्यापासूनचं अंतर तीन फूट होतं. मापक बिघडलेला नव्हता. आणि त्या रविवारला आता सहा आठवडे होऊन गेले होते.

७

टेलिफोन पॅसेजमध्ये वाजला. तो अकरा वेळा वाजला तेव्हा क्लेम उठला. खाली मान घालून, जमिनीवरच्या खडूच्या खुणा बघत तो कोनाड्यापर्यंत गेला.

उना होती. पेटी पोचली का, असं तिनं विचारलं. पोचली. वही वाचलीस का? वाचली.  उना फोनवर गप्प राहणाऱ्यांतली नव्हती, कारण गप्प राहायलाही पैसे पडतात असं ती म्हणे.

“डोळा कधीपासून गेलाय?” तिनं विचारलं.

क्लेमनं सांगून टाकलं. दोन वर्षं. आता ऑपरेशन झालंय, दिसतंय.

“मला गेल्या वर्षीच कळलं होतं. मी एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी शेजारी लावून पाठवल्या होत्या. त्यात कसला आलाय खोलपणा? लिंडसेनं मला मूर्ख म्हटलं. तू लिहिलंस, पुढची फांदी छान बाहेर आली आहे.”

“मग नियम का लावला नाहीस?”

“नियम मी केलाय, कधी लावायचा ते मी बघेन.” मग तिचा आवाज जरा उतरला. “तुला काढून मी कुणाच्या चुका काढत बसू? इथे दिवसभर माझ्याशी रेडिओ बोलतो, क्लेम. सहा आठवड्यांनी तुमच्या तिघांचं अक्षर येतं.”

क्लेमला गहिवरून आलं. या बाईला आपण वीस वर्षं भीत आलो. दोन वर्षं जे झाकत राहिलो ते तिनं पोटात ठेवलं होतं. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता दार उघडून निघावं, डेव्हनपोर्टची बोट धरावी. त्यानं मान वर केली.

समोर पॅसेजच्या टोकाची भिंत होती. सपाट. फुलं रांगेत, लख्ख, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“सुलटं करून पाहिलंस?” उनानं विचारलं.

“दोनच.”

“तिसरी बघू नकोस. आणि आता तिथे, घरात, काही…”

“काही नाही. भिंत सपाट आहे. मी बघतोय ना, समोरच आहे.”

तो हे बोलला आणि सवयीनं मोकळ्या हाताचा अंगठा डोळ्यांपुढे धरला, वीतभर अंतरावर. उजवा डोळा मिटला, उघडला. डावा मिटला. अंगठ्यानं नेहमीसारखी मोठी उडी मारली.

त्याच्याबरोबर फुलांनी तेवढीच उडी मारली. एका जागच्या नाही, खांद्यांपुरत्या नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्या फुलांनी, एकदम.

क्लेमनं दोन्ही डोळे उघडे ठेवले. मिटायचं धाडस त्याला झालं नाही. बोटभर जी खरी भिंत तिसऱ्या जोडीत कडेला उरली होती, ती त्यानं डावीकडे शोधली, उजवीकडे शोधली. ती कुठेही नव्हती. अंगठा त्यानं हळूच मुठीत मिटून घेतला आणि हात छातीशी ओढून धरला.

“बरं, मग ठेवते,” उना म्हणाली. “कॅमेऱ्याचं काय ठरवलंस ते वहीत लिही.”

“ठेवू नकोस,” तो म्हणाला. आवाज त्यानं शक्य तितका साधा ठेवला होता. “झाडांचं सांग. या साली सफरचंदं कशी आहेत?”

 उनानं काहीही विचारलं नाही, ती झाडांचं सांगायला लागली. कोपऱ्यातलं म्हातारं झाड अजून धरतंय, मधलं कापावं लागेल. क्लेम ऐकत होता. पापणी लवू नये म्हणून ताणून धरलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो हूं हूं करत राहिला. सगळी झाडं संपल्यावर तिनं पुन्हा विचारलं, आता ठेवू का.

“नको, उना,” तो म्हणाला. “इतक्यात नको.”